बर्नादेतचा साचा कसा उडाला

"सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि बसलाच, तर माझा तुमच्यावरचा उडेल. पण ह्या वॅफलचे चौकोन उडून गेले. साच्यासकट. ह्याच खिडकीतून."

मितेश ताटलीकडे बघत राहिला. तो आणि त्याची बायको आकांक्षा, कोल्हापूरचं जोडपं, कुणकेश्वराला निघालं होतं. वाटेत आमच्या फाटकावरचा 'घरगुती वॅफल, हलके व कुरकुरीत' हा बोर्ड वाचून थांबलं. ताटलीत मात्र आलं गोल, फुगलेलं, बिडाच्या तव्यावरून उतरलेलं काहीतरी. बाजूला वाटीत गूळ घातलेला नारळाचा रस.

"काका, चव झकास आहे," मितेश म्हणाला, "पण ही खापरोळी झाली. वॅफल म्हटलं की चौकोन पाहिजेत."

"तेच तर सांगतोय. होते चौकोन."

स्वयंपाकघराची खिडकी आमच्या पडवीत उघडते. आत माझी बायको बर्नादेत अंड्यांचा पांढरा बलक काट्याने फेटत होती. टकटक टकटक. हा आवाज आमच्या घरात घड्याळासारखा आहे. चालू असला की कुणाच्या लक्षात येत नाही, बंद पडला की माणूस मान वर करतो.

साचा मीच आणला होता, एवढं तरी खरं आहे. मी बोटीवर कुक होतो. बर्नादेतने मनगटी घड्याळ मागितलं होतं. मी अँटवर्प बंदराच्या बाजारातून दोन लांब दांड्यांचं बिडाचं धूड उचललं. उघडलं की आत चौकोनच चौकोन. तिने ते बघितलं, मला बघितलं, आणि साचा लाकडांच्या ढिगावर ठेवून दिला. मग एका रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर काय मनात आलं कुणास ठाऊक, पीठ भिजवायला बसली. साच्यासोबतच्या पुस्तकात लिहिलेलं यीस्ट आमच्या गावात कुठून मिळणार? पण आमच्या लोकांत तांदळाची सान्नां फुगवायला माडी घालतातच. माडी काढणारा लवू सकाळी माडावरून उतरला की फाटकाशी हाक मारतो. तिने त्याच्याकडून पेलाभर ताजी माडी घेतली आणि मैदा, मूठभर तांदळाचं पीठ, अंड्यांचे पिवळे बलक, नारळाचं दूध ह्यांत ओतली. पिठाने झाकण उचललं.

पांढरा बलक ती वेगळा फेटते आणि अगदी शेवटी हलक्या हाताने मिसळते. फेस नीट झाला की नाही हे बघायची तिची रीत जगात कुठे नसेल. वाडगा माझ्या टकलावर पालथा धरायचा. पडलं नाही तर झालं. पाहुणे हसतात. आजवर एकदाच पडलं, आणि त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, त्यामुळे फेसाचा दोष किती आणि हाताचा किती हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आणि शेवटचा नियम. साचा मिटला की कडेने वाफ सुटते. ती आपोआप थांबेपर्यंत उघडायचा नाही. आमचा झील क्लाइव्ह लहानपणी रोज आधी उघडायचा. वॅफल फाटून अर्धं वर, अर्धं खाली. बर्नादेत फाटलेलं त्यालाच द्यायची आणि म्हणायची, "धीर धर रे पुता. वाफ सांगता तेवा उघडूचा." ह्याच पडवीत विकलेल्या वॅफलांच्या पैशांवर तो हॉटेलचं शिकला.

"एका सकाळी," मी पाहुण्यांना सांगू लागलो, "लवूने माडी आणली ती खाडीवरच्या सगळ्यात उंच माडाची. तिथे रात्रभर वारा बसून राहतो. तो वारा उतरला माडीत."

"वारा?" आकांक्षा हसली.

"उतरला. पीठ भिजवलं तर टोप जमिनीवरून वीतभर वर. बर्नादेतने त्यावर पाटा ठेवला. पाटाही वर! तसंच पीठ साच्यात घातलं, साचा मिटला, चुलीवर ठेवला. वाफ सुटली. थांबेचना. साचा गुणगुणायला लागला, मिसाला पेटी वाजते तसा, आणि सुटला चुलीवरून."

"साचा म्हणजे तो जुना, लोखंडाचा?" आकांक्षा एकदम म्हणाली. "लांब दांड्यांचा? अय्या, तसाच आम्ही काल बघितला! मालवणात कॅफे आहे ना, 'मायचे वॅफल', तिथे भिंतीवर लावलाय."

आतली टकटक थांबली.

"असे पुष्कळ असतात," मी घाईने म्हणालो.

"नाही हो काका, मालकाने स्वतः सांगितलं. त्याच्या आईचा साचा. खाली तिचा फोटो, हार, छोटा लाल दिवा. गेल्या वर्षी वारल्या म्हणे. शेवटपर्यंत वॅफल करत होत्या, साच्याच्या दांड्यावर हात ठेवूनच गेल्या. मला तर रडूच आलं. मी हात जोडले तिथे."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीकडे बघितलं.

ईस्टरनंतर क्लाइव्ह येऊन साचा घेऊन गेला होता. "दांडो ढिलो झालो मगो माय. लोहाराकडून बसवून हाडतंय." तेव्हापासून बर्नादेतच्या लेखी साचा लोहाराकडे आहे. फाटकावरचा बोर्ड मी काढायला गेलो तर म्हणाली, "रवांदे. साचो येतलो." म्हणून ती तेच पीठ तव्यावर घालते, आणि पाहुण्यांची तोंडं बघून गप्प राहते. पुढे मला राहवेना, मी एकटाच एसटीने मालवणला क्लाइव्हच्या कॅफेत गेलो, आणि ह्या मुलीने आता सांगितलं ते सगळं बघून आलो. साचा खिळ्याला. खाली माझी जिवंत बायको, प्लास्टिकच्या हारात.

क्लाइव्ह मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "पापा, नुसता वॅफल आजकाल कोण खाता? लोकांका गोष्ट व्हयी. तुयाच तर माका शिकयलंस."

मी म्हटलं, "माझ्या गोष्टीत कोण मरणा नाय रे." पण तोवर गिऱ्हाईक आलं होतं, आणि तो हात पुसत तिकडे वळला होता.

घरी आलो. बर्नादेतने विचारलं, "लोहाराकडे गेल्लंस मा, सांतान? काय म्हणता?" तिला काय सांगू? मी सांगितलं, साचा उडाला. लोहाराच्या भात्याचा वारा जास्त झाला. ती हसली. मग मी ती गोष्ट वाढवत नेली, लोहाराला काढलं, लवूला घातलं, येईल त्या पाहुण्याला सांगत राहिलो. ती आतून ऐकायची आणि काटा चालू ठेवायची. तो काटा चालू होता तोवर मी निश्चिंत होतो.

आता तो थांबला होता. मी आवाज चढवला.

"बर्नादेत दांड्याला लोंबकळली! मी तिच्या पायांना! आम्ही दोघं ह्या खिडकीपर्यंत तरंगत आलो. मग हात सुटला. साचा गेला आचऱ्यावरून, दोन्ही पात्यांनी टाळ्या वाजवत. बंदरावरच्या बाया टोपल्या टाकून पळाल्या, त्यांना वाटलं लोखंडाची घार."

"पण काका, तो मालवणातला..."

"ऐका तर! तिथून कुणकेश्वर. यात्रेकरूंनी हात जोडले. तिथे साचा जरा उघडला आणि एक चौकोन खाली पडला, तो एका म्हातारीच्या ओटीत. आजही तिच्या घरात आहे, शिळा झालेला नाही. मग वाट चुकून घाटाकडे, थेट वैभववाडी. स्टेशनात गाडी उभी होती. ड्रायव्हरने वर बघितलं, त्याला वाटलं हाच सिग्नल."

मितेश हसून हसून खोकला. आकांक्षा मात्र हसली नाही. ती खिडकीकडे बघत होती. टकटक पुन्हा सुरू झाली होती, पण सावकाश.

"आणि शेवटी?" तिने विचारलं.

टकटक संपली. बर्नादेत वाडगा घेऊन पडवीत आली. पदराला पीठ, केसांत पीठ. पाहुण्यांसाठी ही नेहमीचीच गंमत, म्हणून मी माझी टोपी काढून ठेवली आणि मान पुढे केली. तिने वाडगा माझ्या डोक्यावर पालथा धरला. मितेशने टाळी वाजवली.

"शेवटी," मी वाडग्याखालून म्हणालो, "वाफ थांबली. वाफ थांबली की साच्यात दम कुठला? परत येता येता दर्यात पडला. खोल. तळाला आहे अजून, बांगडे त्यात अंडी घालतात. तेव्हापासून कुणी बघितला नाही."

"खोटा," बर्नादेत म्हणाली.

कुणी हसलं नाही.

"दर्यात पडूक नाय. मालवणात भिंतीर आसा. मी बघून इलंय."

"कधी गो?"

"बाजाराक गेल्लंय तेवा. माझ्याच फोटोखाली बसलंय. एक वॅफल मागयलंय, खाल्लंय. वाफ थांबाच्या आदीच उगडल्यानी. भायर चिवट, मदी कच्चा. वाढणारा चेडू माका सांगता, मावशी, ही आमच्या मालकाची आवस, देवाघरी गेली. मी म्हटलंय, बरी बाय होती काय गो? म्हणता, खूप बरी."

आकांक्षाने काटा खाली ठेवला. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"क्लाइव्हान बघल्यान तुका?" मी विचारलं.

"बघल्यान." तिचा आवाज तोच, पाहुण्यांना अजून रस हवा का विचारते तो. "बघल्यान, आणि आत गेलो."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. फाटकावरचा बोर्ड हलला आणि थांबला.

"तुका ठावक होता," मी म्हणालो. "आणि माझी गोष्ट आयकत ऱ्हवलंस?"

"तू माझ्यासाठी खोटा बोलत होतंस. आणि क्लाइव्ह माझ्या नावार." तिने वाडग्यावरचा हात बदलला. "पण खोटा ता खोटाच. सांतान, परत मालवणाक गेलंस तर तेका दुसरो फोटो दी. त्या फोटोत माझे डोळे मिटलेले आसत."

वाडगा अजून माझ्या डोक्यावर पालथाच होता. त्यातून थेंबही खाली आला नाही.