सासऱ्यांचं लाल पेन

चाळीस वर्षं सासरे छापखान्यात प्रुफं तपासत आले, आणि घरी आले की सुनेच्या चुका. दूधवाल्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा त्यांच्या लाल पेनातून सुटायची नाही. तिच्या आईच्या शेवटच्या पत्रावर त्यांनी लाल गोल काढले, तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

आणि आता मेंदूचा झटका आल्यापासून पाच दिवस ते दवाखान्यात टक्क डोळे उघडे ठेवून पडले होते. हाका मारा, चिमटे काढा, ढिम्म!

"यांना काही कळतंय असं वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुनेच्या नवऱ्यानं तोंड फिरवलं.

तिचं डोकंच फिरलं. 'बाबा, घरी चला' अशा अर्थाच्या तीन ओळी तिनं खरडल्या, पहिल्याच ओळीत मुद्दाम एक चूक केली आणि कागद त्यांच्यासमोर धरला. लाल पेन त्यांच्या बोटांत कोंबलं.

"बघा, काय घाण करून ठेवलीय मी!"

पेन थरथरलं, उठलं आणि त्या चुकीभोवती वेडावाकडा गोल उमटला.

रडत रडत ती कागद मागे घेणार, तोच पेन तिसऱ्या ओळीवर सरकलं आणि आणखी एक गोल निघाला.

ही चूक तिनं मुद्दाम केलेली नव्हती.