गाडी थांबली की

केरबा चौगुल्यांची गाडी पळत असली की आत गारेगार असायची. थांबली की एसीतून कोमट वारा यायचा. दोन वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यातलं पहिलं वर्षभर केरबाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता वाटत होतं. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं आणि आजऱ्याला दिलेली त्याची एकुलती लेक मोना आठव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही घरची रीत. बायको बनाबाई जाऊन अकरा महिने झाले होते, तरी ही रीत मोडायची नाही असं केरबानं ठरवलं होतं. उचगावच्या घरातली मधली खोली रंगवून घेतली होती. खाटेची नवार बदलली होती. तीन महिने येऊन राहायला धाकटी बहीण अंबूबाई तयार झाली होती. विहीणबाईंचीही हरकत नव्हती. हरकत होती ती मोनाचीच.

"आबा, मी तुमच्या गाडीत बसणार न्हाय," ती फोनवर म्हणाली.

"का गं?"

"तुमाला म्हाईत हाय."

त्याला माहीत होतं.

बनाबाईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोल्हापुरात न्यावं लागायचं. अंतर काही फार नाही, पण तावडे हॉटेलच्या चौकापुढं गाड्यांची रांग लागायची आणि तिथून दवाखान्यापर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं जायची. बनाबाई शेजारच्या सीटवर बसलेली असायची. ती म्हणायची, "अवो, गार न्हाय ओ येत."

"सुरू तर हाय. आता काय बर्फाची लादी आणून ठिऊ मांडीवर?"

"हात लावून बगा की."

"तुज्या आजारानंच गरम हुतंय तुला. गाडीला काय झालं न्हाय."

हे तो उगाच बोलत नव्हता. त्यानं गाडी दोन ठिकाणी दाखवली होती. दोन्हीकडं गॅस भरला, केरबानं हायवेला चक्कर मारून पाहिली, तर अंगावर काटा यावा इतका गारवा. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "बघ, गाडी एकदम ओके हाय." ती म्हणाली, "असंल." त्यानंतर ती गाडीत बसताना हातरुमाल भिजवून घ्यायला लागली. अधूनमधून म्हणायची, "हायवेनं वळसा घालून जाऊ या का? शेतं दिसत्यात." केरबाला वाटायचं, हिला फिरायची हौस आली आहे. वेळ होतो म्हणून तो सरळच न्यायचा.

शेवटच्या खेपेला मोना आजऱ्याहून आली होती. मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रस्त्याचं काम निघालं होतं आणि गाडी पाऊण तास जागची हलली नाही. मोना ओरडली, "आबा, हितं भट्टी झालीया! काच तरी खाली घ्या."

"काच उघडली तर हाय तो गारवा बी जाईल," केरबा म्हणाला.

दोन दिवसांनी बनाबाई दवाखान्यातच गेली. डॉक्टरांनी सांगितलं की ते दुखणंच तसं होतं, गाडीचा त्यात काही संबंध नव्हता. पण तेरावं उरकल्यावर मोना निघताना म्हणाली, "दोघी जीव तोडून सांगत हुतो आबा. एकीचं तरी ऐकायचं." तेव्हापासून ती फोनवर एवढंच विचारायची, जेवला का, गोळी घेतली का.

केरबानं मनाशी धरलं होतं की गाडी बरी केली की लेक घरी येईल. दुसरं त्याच्या हातात काही नव्हतं.

शिरोलीच्या रस्त्याला गणपतराव नावाचा एकजण फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतो, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तो सकाळीच तिथं गेला. गणपतराव पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंड सतत चालू.

"या पावणं. काय दुखतंय हिचं?"

"पळताना गार, थांबली की गरम."

"मग थांबू नका की!" गणपतराव स्वतःच मोठ्यानं हसला. केरबा हसला नाही. तेव्हा त्यानं बॉनेट उघडायला लावलं. "गॅस भरलाय का कवा?"

"दोनदा."

"आणि भरल्यावर बगितलं कुटं? हायवेला?"

"व्हय."

"सगळी तितंच चुकत्यात. पळत्या गाडीत एसी बगायचाच न्हाय. हुबी करून बगायचा. बसा हितं खुर्चीवर."

त्यानं दोन घड्याळं असलेला मीटर नळ्यांना जोडला, इंजिन चालू ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून काट्यांकडं पाहत उभा राहिला. गॅस बरोबर होता. एक काटा मात्र हळूहळू वर चढत गेला. त्यानं वाकून पंखा पाहिला. पंखा जोरात फिरत होता. मग तो आत बसून एसीपुढं हात धरून आला.

"इंजिनाचा काटा बी चढतोय का ट्रॅफिकमदी?"

"जरासा."

"आता गंमत बगा." त्यानं गाडी धुवायचा पाइप ओढून आणला आणि समोरून गाडीच्या जाळीवर पाणी मारायला लागला. "जावा, आत हात लावा."

केरबा आत जाऊन बसला. आधी तोच कोमट वारा आला. मिनिटभरानं वारा बदलला. गाडी जागेवर उभी होती आणि हात गार पडत होता.

"आलं?" बाहेरून गणपतराव ओरडला.

"आलं."

"म्हंजे गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक. आतली गरमी भाईर टाकायला म्होरं कंडेन्सर असतोय. त्याला वारा लागला तर त्यो गार हुतोय. गाडी पळती तवा वारा दांडगाईनं आत शिरतोय. हुबी ऱ्हायली की सगळी भिस्त पंख्यावर. आणि पंखा तर वढतोय. मग वारा कुटं अडकला? म्होरं कायतरी आडवं बसलंय. बंपर काढतो."

बंपर निघायला अर्धा तास लागला. तो बाजूला ठेवून गणपतराव खाली बसला आणि मग मोठ्यानं म्हणाला, "अरारारा! कुटल्या शहाण्यानं बांधलंय ह्ये?"

केरबा खुर्चीवरून उठून पुढं आला. कंडेन्सरच्या पुढं या टोकापासून त्या टोकापर्यंत तारेची बारीक जाळी बांधलेली होती. दुहेरी. तिच्यावर काळ्या धुळीचा थर बसला होता, त्यात उसाच्या पाचोळ्याचं कुसळ, किडे, आणखी काय काय. सगळं मिळून घोंगडीसारखं दाट झालं होतं. बोट घातलं तरी पलीकडं जाणार नाही. गाडीची पुढची जाळीही काळीच, त्यामुळं बाहेरून पाहणाऱ्याला ती तिचाच भाग वाटली असती. चारी कोपऱ्यांना तारेचे तीन-तीन पीळ होते आणि टोक आत वळवलेलं होतं, हाताला लागू नये म्हणून.

केरबा तीस वर्षं फौंड्रीत साचे बनवणारा मोल्डर होता. साच्यासाठी वाळू चाळायची तर चाळणीच्या तारेचं टोक असंच आत वळवायचं, हे त्यानं कितीतरी नव्या कामगारांना शिकवलं होतं.

"बोला की पावणं. कुटल्या गॅरेजवाल्याचं काम ह्ये? त्याला एकदा बगायचाय मला."

"मी बांधलीया," केरबा म्हणाला.

गणपतरावाचं हसू तोंडातच राहिलं.

गाडी नवी घेतली तेव्हा ती रोज फौंड्रीच्या आवारात उभी राहायची. काळी वाळू सगळीकडं उडायची. गाडीच्या पोटात वाळू जायला नको म्हणून केरबानं चाळणीची जाळी कापून दोन पदरी बांधली होती. चाळल्याशिवाय काही आत जाऊ द्यायचं नाही, ही हाताची सवयच होती. दर शनिवारी तो ब्रश घेऊन ती झाडायचा. मग नोकरी संपली, शनिवार संपले. लगेच बनाबाईचं दुखणं सुरू झालं आणि जाळी त्याच्या डोक्यातून साफ गेली.

गणपतरावानं पकडीनं चारी पीळ तोडले, जाळी काढून भिंतीला लावली, कंडेन्सर पाण्यानं धुतला. बंपर बसवला. "आता बसा आत. काचा लावून घ्या."

केरबा दरवाजा उघडून शेजारच्या सीटवर बसला, बनाबाई बसायची तिथं. गाडी उभीच होती. बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. वारा आला तो सरळ गळ्यावर, छातीवर. पाच मिनिटांत त्याला सदऱ्याचं वरचं बटण लावावंसं वाटलं. एवढंच ती मागत होती. वर्षभर, आठवड्यातून तीनदा. आणि त्यानं तिला सांगितलं होतं की तुझ्या आजारानं तुला गरम होतंय. तिनं ते खरं मानलं असेल का? स्वतःच्याच अंगाला दोष देत बसली असेल का? आता विचारायला कुणी नव्हतं. तो डॅशबोर्डवर डोकं टेकून रडला. अकरा महिन्यांत तो इतका रडला नव्हता.

गणपतरावानं बराच वेळ तिकडं पाहायचं टाळलं. शेवटी तो काचेवर टकटक करून चहाचा कप घेऊन आला. केरबानं त्याला सगळं सांगितलं. मोनाचंही.

"लेकीला काय सांगणार?" गणपतरावानं विचारलं.

"काय सांगू?"

"सांगा, पंखा गेलता म्हणून. नवीन बसीवला. माझं नाव सांगा, मी बी तसंच सांगतो. पोरगी पोटुशी हाय, कशाला तिच्या जिवाला घोर? घरला तरी यील."

केरबानं चहा संपवला. गणपतराव म्हणत होता ते खोटं असलं तरी वाईट नव्हतं. लेक घरी आली असती. मधल्या खोलीत पाळणा लागला असता. आणि त्यानं बांधलेल्या जाळीचं कुणाला कधी कळलं नसतं.

तो बाहेर रस्त्याकडेच्या लिंबाखाली गेला आणि फोन लावला.

"जेवला का?" मोनानं विचारलं.

"मोना, ऐक. गाडीचा एसी दाखीवला. तुज्या आईचं खरं हुतं. तुजं बी. गार येतच नव्हतं. मीच म्होरं जाळी बांधली हुती, फौंड्रीत असताना. ती गच्च झालती. माज्या हातानं झालंय ह्ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. केरबानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. दोन ट्रक गेले.

"ती मला म्हणायची," मोना म्हणाली, "तुजा बाप म्हणतोय म्हंजे आजारानंच असंल. मला पटंना, तर मलाच दटवायची."

केरबानं लिंबाच्या खोडाला हात टेकला.

"आबा."

"बोल."

"मी बाळंतपणाला येत न्हाय. आत्ती हाय, खोली रंगवली, सगळं म्हाईत हाय मला. पन आई नसल्याल्या घरात मला न्हाय ऱ्हाता यायचं. राग न्हाय आता. खरंच न्हाय. पन न्हाय जमायचं."

"बरं," केरबा म्हणाला. "बरं, बाळ. तुला जमंल तसं."

त्याला वाटलं, आता ती फोन ठेवील. मग ती म्हणाली, "शुक्रवारी गडहिंग्लजला डॉक्टरला दाखवायचं हाय. ह्यांना काजूच्या कारखान्यातनं सुट्टी न्हाय. तुमी येता का गाडी घिऊन?"

"येतो. किती वाजता?"

"धाला नंबर हाय. नऊला या."

"आठलाच येतो."

"नऊला या. लवकर यिऊन सासूबाईंची धांदल उडवू नका." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि आबा, जाळीचं दुसऱ्या कुणाला सांगत बसू नका. आत्तीला बी नको. आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे."