मांजराला उघडलेला नळ

मी एक जुना नळ आहे आणि मी गळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मध्यंतरी माझ्याबद्दल जिन्यात बरेच उलटसुलट बोलले गेले. त्याचे मला काही नाही. पण त्या प्रकरणात एका भल्या माणसाचे नाव खराब होणार होते, ते माझ्यामुळे, आणि मला पाणी सोडण्यापलीकडे काही बोलता येत नव्हते.

मित्रांनो, माझा जन्म पितळेच्या कारखान्यात झाला. तपासनीस बाईंनी माझी दांडी दोनदा वर उचलली, दोनदा खाली केली, आणि "पास" म्हणाल्या. त्यानंतर एकोणीस वर्षे मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर सांभाळले. या काळात माझे कौतुक कोणीही केले नाही. तुम्ही तरी तुमच्या नळाला कधी शाब्बास म्हणालात? जाऊ द्या.

मग एक बहीणभाऊ राहायला आले. भाऊ बावीस वर्षांचा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. बहीण वीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात काम शिकत होती. दोघे स्वतःच्या पायांवर उभे होते. फक्त भांडी कोणी घासायची हा प्रश्न दीड वर्षात सुटला नव्हता. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलेले होते आणि त्यात दर सोमवारी दोघांचीही नावे खोडलेली होती.

अशा घरात सुभेदार आला. सुभेदार मांजर होता, पण पूर्ण नाही. त्याचे खापरपणजोबा रानमांजर, उंच गवतात राहून ससे मारत. बाकीचे घराणे सोफ्यावर झोपणारे. अंगावर ठिपके चित्त्याचे, पाय हरणाचे, आवाज गंजलेल्या बिजागरीचा. विकणाऱ्या बाईंनी त्याच्याबरोबर चार पानांचा कागद भरायला दिला होता. तो माझ्यासमोरच ओट्यावर भरला गेला.

"आधी कोणता जीव पाळला आहे, असं विचारलंय," बहीण म्हणाली.

"लिही, निवडुंग."

"दादा, तो मेलाय."

"'आधी' विचारलंय ना? आधी होताच की."

मोकळे अंगण आहे का, दिवसभर घरी कोण असते, हे पुढच्या पानांवर होते. ती पाने न वाचताच सही झाली.

दोघे सकाळी नऊला जात आणि संध्याकाळी सातला येत. मधले दहा तास सुभेदार पडद्यावरून फ्रिजवर आणि फ्रिजवरून पडद्यावर जात असे. त्याचा कंटाळा आला की बेसिनमध्ये बसून माझ्याकडे टक लावून बघत असे. मी टपकत नव्हतो, तरी बघत असे. माझ्याकडे इतक्या आशेने कोणी पाहिले नव्हते.

तेव्हा माझी दांडी फार घट्ट झाली होती. नळवाले काका आले. इमारतीतला प्रत्येक नळ तीस वर्षे त्यांच्याच हाताखालून गेला आहे. त्यांनी माझ्या आतला झिजलेला भाग बदलला आणि म्हणाले, "आता बघा, एका बोटानं उचलेल."

पुढच्या रविवारी भावाने दांडीवर माशाचा तुकडा धरला. सुभेदारने खालून पंजा घातला, दांडी वर गेली, मी वाहिलो. भावाने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! शाब्बास रे पठ्ठ्या!" बहीण हसून हसून खाली बसली. व्हिडिओ निघाला, मित्रांना गेला, मित्रांच्या मित्रांना गेला.

आता लाजेची गोष्ट सांगतो. ते शाब्बास मला आहे असे मला वाटले. माणसाच्या हाताला उघडायचे, एवढाच माझा धर्म. तो मी टाळ्यांसाठी सोडला. दांडी काकांनीच हलकी केली होती हे खरे, पण मी मनातून मदत करत होतो.

"अरे, बंद करायलाही शिकव त्याला," एकदा बहीण म्हणाली.

"बंद करण्यात बघण्यासारखं काय आहे?" भाऊ म्हणाला. तेव्हा मलाही ते पटले.

एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता सुभेदार बेसिनमध्ये आला. मासा नव्हता, टाळ्या नव्हत्या, घरात कोणीच नव्हते. त्याने दांडी उचलली. खाली सोमवारची ताटली बरोबर जाळीवर पालथी पडलेली होती. बेसिन भरून फरशीवर मी आठ तास वाहिलो. सुभेदार तासाभराने झोपला.

खालच्या मजल्यावर बाइंडिंगवाल्या मावशी राहतात. शाळेच्या वाचनालयातली फाटकी पुस्तके शिवून देतात. त्या दिवशी त्या बाहेर गेल्या होत्या आणि नव्वद पुस्तके छताखाली वाळत ठेवलेली होती.

भाऊ आला, त्याने मला बंद केले, ताटली उचलून कपाटात टाकली आणि जिन्यात घरमालकीणबाईंना म्हणाला, "नळ आपोआप सुटला."

अर्ध्या तासात सगळे माझ्यासमोर जमले. मावशींच्या हातात एक फुगलेले पुस्तक होते. बोलत होत्या त्या फक्त घरमालकीणबाई.

"काका, वीस वर्षं नळाला काही झालं नाही. तुम्ही हात लावलात आणि पंधरा दिवसांत हे!"

काकांनी चष्मा पुसला, माझी दांडी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "मला तर ठीक दिसतोय," ते म्हणाले. मग स्वतःच्या हाताकडे बघून हळूच म्हणाले, "पण हल्ली हात थरथरतो माझा. असेल, माझंच चुकलं असेल."

"मग पुढच्या कामांना दुसरा माणूस बघते मी. आणि समोरच्या इमारतीतही सांगून ठेवते."

"बरोबर आहे ताई तुमचं," काका म्हणाले आणि पाने-पक्कड पिशवीत भरू लागले.

भाऊ फरशीकडे बघत होता. फरशी अत्यंत स्वच्छ होती. सकाळपासून धुतली जात होती.

"दादा," बहीण म्हणाली. एवढेच म्हणाली.

"काका, थांबा." भावाचा आवाज बिजागरीसारखा निघाला. "तुमचं काम चोख आहे. नळ मांजरानं उघडला. मीच शिकवलंय त्याला. आणि ताटलीही माझीच होती."

"मांजरानं?" घरमालकीणबाई म्हणाल्या. "उद्या म्हणशील, पालीनं दिवा लावला!"

मग सुभेदारला बोलावले गेले. भावाने मासा धरला. पाच मोठी माणसे श्वास रोखून उभी राहिली. सुभेदारने मागचा पाय वर केला आणि सात मिनिटे चाटला.

"राहू दे रे," काका म्हणाले. "त्यालाही लाज वाटत असेल."

शेवटी भावाने मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. मी वाहतोय, टाळ्या वाजतायत, शाब्बास शाब्बास चाललंय. मावशींनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"हा हसतोय तो तूच ना?"

"हो, मावशी."

"छान हसतोस," त्या म्हणाल्या आणि पुस्तक घेऊन खाली गेल्या.

घरमालकीणबाईंनी काकांना चहा विचारला. त्यांची माफी मागायची हीच पद्धत आहे. काकांनी दोन कप घेतले.

पुढचे तीन आठवडे बहीणभाऊ रोज संध्याकाळी खाली बसून पानापानांत टिपकागद घालत होते. चौसष्ट पुस्तके वाचली, बाकीची गेली. त्याच दिवसांत एकदा तो चार पानी कागद माझ्यासमोर मोठ्याने वाचला गेला. तिसऱ्या पानावर भावाने कागद बहिणीच्या हातात दिला. गुरांच्या डॉक्टरांनी एका बाईंचा पत्ता दिला. त्यांच्याकडे जाळीचे मोठे आवार आहे, झाडे आहेत, सुभेदारच्या जातीचे आणखी दोघे आहेत. तिथे सोडताना सुभेदारने वळूनही पाहिले नाही, असे बहिणीने फोनवर आईला सांगितले.

त्या संध्याकाळी भाऊ हात धुवायला माझ्यासमोर उभा राहिला आणि धुतच राहिला. मध्येच तोंडावरही पाणी मारले.

"रडतोयस का रे?" आतून बहिणीने विचारले.

"नाही गं. पाणी उडालं."

या खोट्यात मीही सामील होतो. तेवढ्या एका खोट्याची मात्र मला लाज वाटत नाही.

मित्रांनो, एखादा जीव घरी आणावासा वाटला, तर तो आल्या दिवशी किती जण टाळ्या वाजवतील याचा हिशेब करू नका. कुठल्याही साध्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, तो घरात कोणाजवळ असेल ते स्वतःला विचारा. उत्तर 'नळाजवळ' असे आले, तर कृपा करून आणू नका.