साठीपुढच्या बायकांना प्रवेश बंद

शेतिकाँप गावात गाडी शिकायची तर रोमुआल्डच्या ड्रायव्हिंग स्कूलशिवाय पर्याय नव्हता. तिथे मी अकरा वर्षं शिकवत होते. रोमुआल्ड ऑफिसात बसून फोनवर गप्पा मारायचा.

एका गुरुवारी सकाळी त्याने दारावर कागद चिकटवला : साठीपुढच्या बायकांना प्रवेश बंद.

"हे काय रे?" मी विचारलं.

"वेळ फार खातात गं. आणि साठीनंतर बाईचा मेंदू रिव्हर्समध्ये जातो." स्वतःच्याच विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला.

"आणि पुरुषांचा?"

"पुरुषांना शिकावं लागतच नाही. हे बघ ऑरोर, तुझी ती झेली अडुसष्टची आहे. फॉर्मवर एकोणसाठ लिहिलंय. आज तिला सांगून टाक, हा शेवटचा तास."

झेलीमावशीचा नवरा, प्लासिद, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची स्टेशन वॅगन ताडपत्रीखाली तशीच उभी होती. चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसून 'हळू', 'डावीकडे', 'अरे ट्रक येतोय' असं सांगत आल्यामुळे रस्ते तिला पाठ होते. फक्त हातात चाक कधी आलं नव्हतं.

मी तिला सांगितलं तेव्हा मासळीच्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत ती गाडी मागे घेत होती. तिने ब्रेक मारला.

"रोमुआल्ड म्हणाला असं? शाळेत त्याचं नाक मी पुसलंय!"

तिने गाडी थेट मोठ्या रस्त्याला घातली. आरसा बघितला, सिग्नल दिला, सगळं अगदी शिकवल्यासारखं. चर्चच्या हॉलसमोर गाडी थांबवून म्हणाली, "चल आत."

"मावशी, तास संपायचाय अजून."

"म्हणूनच म्हणते, चल."

आत दर गुरुवारचा पत्त्यांचा डाव रंगला होता. झेलीमावशीने टाळ्या वाजवल्या. "बायांनो, पत्ते खाली ठेवा. ऑरोर स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढतेय. गाडी माझी. कोणाकोणाला शिकायचंय?"

मी असलं काहीही ठरवलं नव्हतं. तेच सांगायला तोंड उघडलं, तोवर सात हात वर झाले. एका हातात पत्ते तसेच होते. तो हात क्लोटिल्डचा, म्हणजे रोमुआल्डच्या आईचा.

"माझं नाव पहिलं घाल," क्लोटिल्ड म्हणाली. "त्याच्या बापाने मला चाकाला हात लावू दिला नाही. लेक म्हणतो, आई, मी आहे ना. असतो कुठे मेला!"

घराचे हप्ते डोळ्यांपुढे आले. सात जणी माझ्याकडे बघत होत्या. कोणीतरी विचारलं, "ऑटोमॅटिक आहे ना गं?"

"आहे," माझ्या तोंडून निघालं. "सोमवारपासून. चष्मे घेऊन यायचं."

असं झालं. ठरवायला इतकाच वेळ लागला.

परत जाताना गाडी झेलीमावशीनेच चालवली. क्लोटिल्ड मागे बसली. ती म्हणाली, हे मला बघायचंच आहे. रोमुआल्ड ऑफिसातून बाहेर आला आणि खिडकीशी वाकला.

"आई? तू इथे काय करतेस?"

"शिकतेय."

"अगं, गाडी माझी आहे!"

"मग उतरते. सोमवारपासून झेलीच्या गाडीत."

मी त्याच्या हातात किल्ली ठेवली. तो म्हणाला, "अगं पण उद्या दहाच्या तासाला कोण जाणार?"

"तू जा. तुला काय, शिकावं लागत नाही."

सोमवारी काही आमचं सुरू झालं नाही. परवान्याच्या कागदांनी अख्खा हिवाळा खाल्ला. गॅरेजवाल्याने वॅगनला माझ्या बाजूचा ब्रेक बसवला तोही मार्चमध्ये. सातपैकी दोघी गळल्या, एकीला लेकीने येऊ दिलं नाही. उरलेल्या चौघींना घेऊन एप्रिलमध्ये पहिला तास झाला. क्लोटिल्ड पहिल्याच फटक्यात पास झाली. झेलीमावशी एकदा नापास झाली, कारण तिने परीक्षकालाच नीट बसायला सांगितलं.

आता ती भागीदार आहे. आमच्या बोर्डावर तिचं नाव माझ्या नावाच्या आधी आहे, अक्षरांच्या क्रमाने माझं पुढे यायला हवं असूनही. डोंगरावरच्या वळणांना ती उगाच हॉर्न वाजवते. मी ओरडले की "बरं, मालकीणबाई," म्हणते आणि पुन्हा वाजवते.