जाळीखालची नदी

नारळ उभा राहिला, पण रामकिसनकाकांनी टाच आपटली नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, मालनबाईंच्या मोसंबीच्या बागेत, काकांच्या तळहातावर तो शेंडी वर करून ताठ उभा होता. एरवी अशा क्षणी काका टाच आपटत, 'हितं खांदा' म्हणत आणि चहा मागत. आज ते नारळाकडे नुसते पाहत राहिले. मालनबाईंचा मुलगा राधेश्याम खूण करायला चुन्याची फक्की मुठीत घेऊन थांबला होता. जुनी विहीर आटलेली. झाडांनी पाने वळवून घेतलेली. नवी कुठे खोदायची, एवढेच ऐकायचे होते.

काका एकतीस वर्षे पाणाडी आहेत, तळहातावरचा आडवा नारळ उभा राहील तिथे पाणी सांगणारे. त्यांनी दाखवलेल्या ज्या विहिरींना पाणी लागले त्या त्यांच्या नावावर आहेत. कोरड्या गेल्या त्या खोदणाऱ्यांच्या. 'खाली नदी वाहून राह्यली,' असे ते सांगत. ती नदी त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून मागच्या महिन्यात मी, त्यांचा पुतण्या, त्यांना आंध्रातल्या चुनखडीच्या गुहा दाखवायला घेऊन गेलो. कल्पना माझीच.

दारावर रखवालदाराने पिशवीतला नारळ पाहिला आणि आत फोडायला मनाई असल्याचे हिंदीत सांगितले.

"फोडायचा न्हाई, त्याला इचारायचंय," काका मराठीत म्हणाले. त्याने तिकिटे फाडली.

आत छतातून चुन्याचे सुळके लोंबत होते. बोटभर लांबीमागे शतकांचे ठिबकणे, आणि त्यावर लग्नमंडपात लावतात तसे हिरवे-तांबडे दिवे. काळोख इतका जुना होता की आमच्या येण्याची त्याने दखल घेतली नाही. वाट उतरत गेली आणि एका लोखंडी जाळीपाशी संपली. जाळीखाली, दोन हातांवर, नदी होती. थंड, कुणालाही न विचारता वाहणारी.

काकांनी चपला काढल्या, जाळीवर उभे राहिले आणि नारळ तळहातावर आडवा ठेवला. तो आडवाच राहिला. त्यांनी डोळे मिटले. मग हात बदलला. मागच्या कुटुंबाला फोटो काढायचा होता. त्यातल्या एका बाईंनी प्रसाद मिळणार का, असे विचारले.

परतताना काका एकदाच बोलले. "तिथला दगड येगळा हाय."

"हो," मी म्हणालो. ते खरेच होते.

गावात मात्र काकांच्या बायकोने, पुष्पाकाकूंनी, काका पाताळनदी पाहून आल्याचे घरोघर सांगितले. ते ऐकूनच मालनबाईंनी त्यांना बोलावले होते.

"दादा, हितंच ना?" मालनबाईंनी अखेर विचारले.

काकांनी नारळ पुन्हा आडवा केला. तो पुन्हा उभा राहिला, अत्यंत आज्ञाधारकपणे.

"काका आता मोठ्या नद्यांचे झाले," राधेश्याम म्हणाला. "आपल्या वावरातलं पाणी कशाला त्यांच्या नजरेत भरंल?"

"गप रे." मालनबाई एक पाऊल पुढे आल्या. "दादा, मला एकच सांगा. तिथं, खऱ्या नदीवर, आसाच उभा ऱ्हायल्ता ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी मोसंबीकडे पाहिले.

मग त्यांनी नारळ मालनबाईंच्या हातावर ठेवला, तिथे तो आडवा पडला, आणि बाजूला काढून ठेवलेल्या चपला पायात न घालता हातात घेऊन ते बांधाबांधाने निघून गेले.