नगरसेविकेच्या उजव्या कानातून

मी कानातलं मशीन बोलतोय. शेंगदाण्याएवढा माझा जीव, आणि सगळं आयुष्य दुसऱ्याच्या कानात गेलं. आजवर नुसतं ऐकत आलो. आज जरा तुम्ही ऐका.

माझा जन्म कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचा. त्या खोलीच्या भिंतींना मऊ फोम लावलेला होता. तिथे बोललेला शब्द परत येत नसे. तोंडातून निघाला की साखरेसारखा विरघळून जाई. त्या शांततेत मॅडम काम करायच्या. आवाजाच्या तंत्रज्ञानातल्या त्या मोठ्या प्राध्यापिका. दूरदूरची माणसं त्यांचा सल्ला घ्यायला येत. मला मात्र त्यांनी कुठल्या कंपनीसाठी नाही, आपल्या वडिलांसाठी घडवलं.

बाबा सुतार होते. जन्मभर करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. मॅडमनी मला त्यांच्या कारखान्यातच उजव्या कानात बसवलं आणि मी जागा झालो. बाबा थोडं चालले, थबकले, खाली बघायला लागले.

"काय झालं बाबा?"

"अगं, ही सालपटं वाजतात की पायाखाली! मला वाटायचं, लाकूड तासलं की गप्प होतं."

बाजारात मात्र ते वैतागत. "सगळं गाव कानात शिरतंय," म्हणत मला खिशात टाकत. मग मॅडमनी मला नवी विद्या शिकवली. समोरच्याचा आवाज जवळ आणायचा, मागचा गलका धुक्यात ढकलून द्यायचा. ते मला छान जमलं. बाबा शेवटपर्यंत लेकीशी निवांत गप्पा मारत राहिले.

बाबा गेले, आणि मी एका डबीत कापसावर पडून राहिलो. बॅटरी काढली की आम्हाला झोप लागते, पण ती स्वप्नांची. माझ्या स्वप्नात करवत दूरच्या समुद्रासारखी वाजत राहायची. किती वर्षं गेली, कळलं नाही.

जाग आली ती मॅडमच्याच कानात. त्यांचं लहानपण त्याच करवतीच्या सोबतीत गेलेलं. आता त्यांनाही कमी ऐकू यायला लागलं होतं. "चल रे, आता माझी पाळी," त्या आरशात बघून मला म्हणाल्या.

त्याच सुमारास नगरपरिषदेने त्यांना बोलावलं. जमिनीखालचे पाण्याचे पाइप कुठे गळतात, ते आवाजावरून शोधायचं होतं. रस्ते झोपेत असतानाच, पहाटे आम्ही निघायचो. मॅडम एक लोखंडी दांडी रस्त्याला टेकवत, तिच्या टोकाशी कान नेत, आणि डांबराच्या खाली पाणी कुजबुजायला लागे. कधी वाटे, अख्खं शहर पाण्यावर तरंगतंय आणि आम्ही दोघंच जागे आहोत.

मग दारं उघडत. पाण्याबद्दल सांगता सांगता लोक बंद दिवा, तुंबलेलं गटार, भांडखोर शेजारी, सगळंच सांगून मोकळे होत. मॅडमनी गळती दाखवून दिली. नगरपरिषदेने आभार मानले आणि पुढे काहीच केलं नाही.

दूधवाली म्हणाली, "मॅडम, नुसतं शोधून काय उपयोग? तुम्हीच उभ्या राहा ना."

मॅडम उभ्या राहिल्या. निवडूनही आल्या. पाइप दुरुस्त झाले, लोक खूश झाले.

मग त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. तक्रार फोनवर घ्यायची. माणूस बोलेल, यंत्र समजून घेईल, काम आपोआप योग्य माणसाकडे जाईल. वॉर्ड ऑफिसातली तक्रारीची खिडकी मग हवीच कशाला? ती बंद करायच्या ठरावाआधी लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. नगरपरिषदेचे अध्यक्ष अगदी समोर बसले होते; त्यांचा शब्द न् शब्द मी काचेसारखा स्वच्छ पोचवला. मागच्या गलक्यात कुणीतरी "चिमे! ए चिमे!" करत होतं. तो आवाज, शिकवल्याप्रमाणे, मी धुक्यात ढकलला.

"मागच्या मंडळींचं काही म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

"छे हो, सगळ्यांना पसंत आहे," अध्यक्ष म्हणाले.

ठराव मंजूर झाला. रविवारी मॅडमचा मोठा भाऊ जेवायला येत असे. बाबांची करवत आता तोच चालवायचा, आणि कानही बाबांसारखेच झालेले. त्या रविवारी एकटी वहिनीच आली.

"दादा कुठाय?"

"रुसलेत. सभेत 'चिमे, चिमे' म्हणून तुला हाका मारून मारून दमले. लोक हसले त्यांना."

"दादा आला होता?"

"फोनवर त्यांना एक अक्षर ऐकू येत नाही. खिडकी गेली तर मी कुठे बोलायचं, एवढंच विचारायचं होतं गं त्यांना. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस."

मॅडम ताटावरून उठल्या आणि तडक दादाच्या कारखान्यात गेल्या. दादा पाठमोरा रंधा मारत होता. त्यांनी मला कानातून काढलं, बाकावर ठेवलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, मला ऐकू आलं नाही!"

"आं?"

"ऐकू आलं नाही मला!"

"मलाही नाही आलं! जोरात बोल!"

मग दादाला हसू फुटलं. "आवाजाची मोठी तज्ज्ञ म्हणे!" मॅडमही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडलं आणि धुकं काढून टाकलं. पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "फोन राहू द्या, पण खिडकी बंद होणार नाही."

"यंत्र तुमचंच, आणि तुम्हीच माघार घेता?" अध्यक्ष चिडले.

"यंत्र चांगलं आहे हो. घाई मी केली."

खिडकी राहिली. अध्यक्षांची माणसं मात्र मॅडमच्या विरोधात गेली आणि पुढची निवडणूक त्या हरल्या. निकालाच्या दिवशी घराखालून दुसऱ्याच्या नावाचा जयजयकार चालला होता. मला बंद करता आलं असतं. त्यांनी केलं नाही. खिडकीत बसून शेवटपर्यंत ऐकलं.

आता मी म्हातारा झालोय. माझं झाकण चिकटपट्टीने धरलंय, मध्येच उगाच शिट्टी वाजवतो. मॅडम पुन्हा कॉलेजात शिकवतात, आणि रस्त्यात कुणी थांबवलं तर अजूनही थांबतात. सगळा गलका आत येतो. कधीकधी त्या थकून डोळे मिटून घेतात, तेव्हा मलाही झोप येते.

झोपण्याआधी एकच सांगतो. तुमच्या घरातही कुणीतरी "आं?" म्हणत असेल. "काही नाही, जाऊ दे," असं म्हणू नका. पुन्हा सांगा.