थोरियमची बारा मेंटलं

पारनेरच्या गोरक्षनाथ नाना बत्तीवाल्यांनी चाळीस वर्षं तालुक्यातल्या नवरदेवांना वरातीत उजेड दाखवला. पुढं संसारात अंधार पडला तर ती जबाबदारी त्यांची नव्हती. मग जनरेटर आले, एलईडी आले, आणि नानांच्या गॅसबत्त्या माळ्यावर गेल्या.

त्यांची जया नगरला एम.एस्सी. करत होती. प्रोजेक्ट होता सेरियम आणि थोरियमच्या संयुगांची तुलना. एक लँथनाइड, दुसरा ॲक्टिनाइड, मूलद्रव्यांच्या तक्त्यात वरखाली राहणारे शेजारी. सेरियमची बाटली कॉलेजात होती. थोरियम पडला किरणोत्सारी, म्हणून वर अर्ज केला. उत्तर आलं, ‘कुलूपबंद स्वतंत्र खोलीचा फोटो पाठवा.’ विभागात कुलूप लागणारी एकच खोली होती, साहेबांचा संडास. तोच फोटो गेला. उलट विचारणा आली, ‘खोलीत बादली कशासाठी?’

प्रोजेक्ट द्यायला पंधरा दिवस राहिले तेव्हा जयाला आईची ट्रंक आठवली. गॅसबत्तीत ज्योतीवर बांधायची जाळी, म्हणजे मेंटल, पूर्वी थोरियमच्या क्षारात बुडवलेली असायची. शंभरात एक भाग सेरियम, बाकी सगळा थोरियम. तसली जुनी बारा मेंटलं आईनं, बायडाबाईनं, लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. ‘जयाच्या वरातीत आपल्याच बत्त्या,’ म्हणायची. दोन वर्षांमागं बायडाबाई गेली. मेंटलं राहिली.

“नाना, ती मला लागतात. प्रोजेक्टला.”

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाराच्या बारा?”

“व्हय.”

“आनतो परवा.”

एसटीत नाना उभे राहून आले. हातात अंड्यांचा ट्रे, वर फडकं. सीट मिळाली तरी बसले नाहीत.

कंडक्टर म्हणाला, “बाबा, गावरान का?”

“न्हाई. पोरीचं शिक्षन हाय.”

सुप्याच्या स्पीडब्रेकरला शिक्षणातली तीन खपली.

लॅबमध्ये जयाच्या गाईड तमन्ना मॅडमनी फडकं काढलं. उरलेल्या नऊ खळग्यांत पांढरीशुभ्र राखेची जाळी, ती ज्यावर बांधतात त्या चिनी मातीच्या बोंडासकट.

“काका, ही जाळलेली आहेत?”

“मग! कच्चं मेंटल कुणाच्या हातात दिलं न्हाई आजवर. बांधून, जाळून, पक्कं करून आनलंय.”

मॅडम खुर्चीत बसल्या. तरी ॲसिड घेतलं, तापवलं, तीन तास ढवळलं. जाळीचा भुगा झाला आणि ॲसिडच्या तळाशी निवांत पडून राहिला.

“थोडा पंप मारा की,” नाना बत्तीच्या सवयीनं म्हणाले.

“नाना, गप बसा!” जया ओरडली. “कच्चं असतं तर साध्या पाण्यातसुद्धा सुटलं असतं. आता त्याचा ऑक्साइड झालाय.”

“म्हंजे मी नासवलं?”

जयानं काचकांडी उचलून ॲसिड पुन्हा ढवळलं.

“त्या दोघांत फरक तरी काय हाय?” नानांनी विचारलं.

“सेरियम कधी तीन इलेक्ट्रॉन सोडतो, कधी चार. चार सोडले की पिवळा, परत तीनवर आला की रंग गेला. थोरियम चारच सोडतो. कायम. पाण्यात असले की त्या स्वभावावरनं वेगळे काढता येतात.”

“आन जाळल्यावर?”

“एकमेकांत बसतात. मला तरी न्हाई काढता येणार.”

“उजेड कुनाचा मग?”

“त्या एका भागाचा. सेरियम नसला की थोरियमचा उजेड फिका पडतो.”

नानांनी मान हलवली.

प्रोजेक्टच्या नावातून थोरियम गेला, तुलनाही गेली. मॅडम म्हणाल्या, “पास होशील.” पहिला नंबर मात्र गेला.

स्टँडवर जयानं चहा आणला. नानांनी कप नुसता धरला.

“जाळताना सगळी यकदम पेटवली,” ते म्हणाले. “बारा बत्त्या, अंगनात वळीनं. भर दुपारी. शेजारचा अजिनाथ म्हनला, नाना, ऊन कमी पडलं का?”

“मग?”

“काय सांगनार त्याला. म्हनलं, वरात हाय.”

चहावर साय धरली होती. जयानं कप त्यांच्या हातातून घेतला.

“लई झाक दिसत हुत्या गं,” नाना म्हणाले. “तुझी आई असती तर निम्म्या तिनं पुसल्या असत्या, निम्म्या मी. मग वरातीची वाट बघितली जरा, आन इझवल्या एकेक.”